केंद्र कौठखेड्यात नव्हतं

कौठखेड्यातली माणसं आजही सांगतात की मुक्कावार सरांनी आमच्या गावाचं नाव पेपरात दिलं. सांगताना आता त्यांना राग नसतो. घरात बसवतात, चहा देतात आणि एखाद्या जवळच्या पाहुण्याची जुनी खोड सांगावी तसं हसत सांगतात. पण ते खरं नाही. नाव मी दिलं होतं. सरांनी ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. आता सर नाहीत आणि माझीही पंचाहत्तरी उलटली आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं कौतुक हातचं राखून केल्यासारखं होईल.

सर नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मूळचे देगलूरकडचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी दखनी. मी एका दैनिकाचा वार्ताहर, त्यांच्या समोरच्या घरात राहणारा. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे होते, तरी मला कधी नावानं हाक मारली नाही. गेटातून दिसलो की म्हणायचे, "काय वार्ताहर, आज काय खरं आहे?"

उंच, किंचित पुढे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक छोटी हातोडी कायम असायची. एकदा एस.टी. स्टँडवर पोलिसानं पिशवी उघडायला लावली.

"हे कशाला ठेवलंय?"

"दगडाला विचारायला."

"काय विचारता?"

"वय," सर म्हणाले. पोलिसानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी बंद करून हातात दिली.

कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी ते दाराशेजारची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवायचे. दोनदा वाजवायची, मग कान लावायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको म्हणाली, "या की, दार उघडंच आहे."

"दार नाही वाजवत वहिनी, भिंतीला विचारून राहिलो. आत पोकळ आहे ही. गवंडी कोण होता?"

गवंडी माझा मेव्हणाच होता, आणि तो त्या वेळी आत जेवत बसला होता. बाहेर येऊन त्यानं सरांना नमस्कार केला आणि पुढच्या रविवारी मुकाट्यानं तेवढा भाग उकलून पुन्हा बांधला.

पण सरांची खरी खूण म्हणजे त्यांचा एक प्रश्न. शिकवणारी माणसं शेवटी विचारतात, "समजलं का?" सरांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. ते विचारायचे, "सांगा, काय ऐकलं?" वर्गात विचारायचे, बँकेत विचारायचे, औषधाच्या दुकानातल्या पोराला विचारायचे. घरात मात्र हे चालायचं नाही. एकदा त्यांनी आपल्या बायकोला खडकातल्या पाण्याबद्दल काहीतरी सविस्तर सांगितलं आणि सवयीनं विचारलं. बाई पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "हे ऐकलं की तुम्ही अजून हिंग आणलेला नाही."

तहसिलातल्या एका कारकुनाचा किस्सा तर सर पुढे कित्येक महिने सांगत होते. त्यानं फोन करून विचारलं होतं, "साहेब म्हणतात, ती रिश्टर स्केल आपल्या तालुक्याला एखादी मिळेल का? ठेवायला कपाट हाय." सर हसले नाहीत. रिश्टर स्केल ही ठेवायची वस्तू नाही, ती मोजायची एक रीत आहे, इथपासून सुरुवात करून त्यांनी त्याला बराच वेळ समजावलं. मग विचारलं, "सांगा, काय ऐकलं?"

कारकून म्हणाला, "हेच की मिळणार न्हाई."

"अगदीच चूक नाही," सर आम्हाला सांगायचे, "साहेबांना कळवायला तेवढं पुरे होतं."

हा प्रश्न कुठून आला हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते किल्लारीच्या बाजूच्या गावांमध्ये फिरत होते. एका गावात जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, धक्के येत राहतील, पण पहिल्यापेक्षा बहुतेक लहान असतील, तडकलेल्या घरात जाऊ नका आणि घाबरू नका. सगळं शास्त्राला धरून होतं. त्यातल्या एका माणसानं फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले आणि तो आपल्या तडकलेल्या घरात परत गेला. पुढे काय झालं ते सरांनी सांगितलं नाही. वार्ताहर असूनही मी विचारलं नाही.

आता माझी गोष्ट.

पंधराएक वर्षांपूर्वी एका सकाळी चहाच्या वेळेला आमच्याकडची भांडी वाजली. मांडणीवरचं एक ताट खाली पडलं आणि गोल फिरत राहिलं. गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर आली. कुणाला काही लागलं नाही, पण सगळे सरांच्या गेटापाशी गोळा झाले. सर फोनवर ओळखीच्या शास्त्रज्ञाशी बोलून बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोह्याच्या पलीकडचा पट्टा दिसतोय. भूकंपाची नाभी खोल जमिनीत असते. तिच्या बरोबर वरच्या जागेला आपण केंद्र म्हणतो. पण ती जागा काही खांबासारखी दिसत नाही. यंत्रांच्या नोंदींवरून अंदाज काढायचा असतो. दहा-बारा किलोमीटर इकडंतिकडं होतं. नेमकं गाव आज कुणालाच सांगता येणार नाही."

ते आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना भोवळ आली म्हणून त्यांना हाक आली आणि ते धावले. मला एकदाच, त्या एकाच सकाळी, त्यांनी विचारलं नाही की काय ऐकलं.

कचेरीत संपादक म्हणाले, "पट्टा म्हणजे काय? पट्ट्यात कोण राहतं? गावाचं नाव दे." भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. मी सरांनी सांगितलेल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. बोटाखाली कौठखेडा हे नाव होतं. त्याला लागून असलेल्या येळवाडीचं नाव त्या नकाशात छापलेलंच नव्हतं, नाहीतर कदाचित बोट तिकडे गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत बातमी आली, भूकंपाचे केंद्र कौठखेडा. खाली ओळ होती, भूगर्भतज्ज्ञ प्रा. मुक्कावार यांच्या माहितीनुसार.

सरांनी ती वाचली असणारच. मला काही बोलले नाहीत.

आठवड्याभरानं मी त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो. गेटात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, धोतर-शर्ट, हातात घडी घातलेला पेपर.

"मुक्कावार मास्तर तुम्हीच का?"

"मीच. या."

"आमच्या गावाला केंद्र तुम्हीच लावलं का?"

सरांनी पेपर हातात घेतला, बातमी पुन्हा एकदा वाचली आणि परत दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "हो. नाव माझ्याच बोलण्यातून गेलं. बसा. पाणी घ्या."

मी कपात पाहत राहिलो. त्या कपाच्या तळाशी साखर न विरघळता राहिली होती, ती मला अजून दिसते.

त्या माणसाचं नाव दत्तराव. कौठखेड्याचा शेतकरी, हळद आणि सोयाबीन करणारा, खाऊनपिऊन बरा. त्याच्या मुलीची, अश्विनीची, सोयरीक किल्लारीत ठरली होती. सुपारी फुटली होती, हॉल धरला होता. बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी किल्लारीहून निरोप आला की आमचा विचार बदललाय.

"पोरगी दोन दिस जेवली न्हाई," दत्तराव म्हणाला. "पोराचं काही म्हणणं न्हाई, त्याच्या बापाचं बी न्हाई. आत्या हाय त्याची. रुक्मिणआत्या. भूकंपात तिचे आईबाप गेले तवा तिनंच घर सावरलं, पोराला बी तिनंच वाढवलं. ती म्हणती, केंद्राच्या गावची सोयरीक नको. अन् तिकडं येळवाडीचा सरपंच वेगळंच बोलून राहिला. म्हणतो, केंद्र आमचंच हाय, आमच्या शाळंला भेग पडली, कौठखेड्यानं केंद्र पळवलं. त्याला वाटतं केंद्राच्या गावाला घरं मिळतील. मी म्हणलं, घेऊन जा बाबा, आजच्या आज घेऊन जा. बैलगाडी लागली तर माझी देतो."

सर हसले. मग त्यांनी दत्तरावाला नाभी, केंद्र, यंत्रं, अंदाज, सगळं सांगितलं, अगदी सोपं करून. आणि विचारलं, "सांगा, काय ऐकलं?"

दत्तरावानं विचार केला. "हे ऐकलं की केंद्र आमच्याकडं असंल बी आणि नसंल बी. पर हे मी आत्याला कसं सांगू? तुम्हीच चला."

"चला," सर म्हणाले आणि आतून पिशवी घेऊन आले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही चला वार्ताहर. ऐकायला कुणीतरी पाहिजे."

लातूरपर्यंत आम्ही एस.टी.नं गेलो आणि पुढे जीपनं. वाटेत दत्तराव पुढच्या सीटवर झोपला तेव्हा मी सरांना हळूच म्हणालो, "सर, नाव तर मी..."

"तुम्हाला त्या तालुक्यात उद्या परत बातमीला जायचंय," सर म्हणाले. "मी काय, दगड पाहायला जाणार. दगड रुसत नाही." थोड्या वेळानं, बाहेर बघत, म्हणाले, "आणि चूक माझीही आहेच की. त्या दिवशी तुम्हाला विचारायचं राहून गेलं."

किल्लारीतल्या त्या नव्या घराची भिंत सरांनी वाजवली आणि मान हलवली. पसंत पडली असावी. रुक्मिणआत्या ओसरीवर बाजेवर बसली होती. सत्तरीची, ठेंगणी, कपाळ मोकळं. घर चांगलं पक्कं होतं, पण तिची बाज बाहेरच होती, पावसाळ्यातही बाहेरच असते, असं तिच्या भाच्यानं, म्हणजे नवऱ्या मुलानं, आम्हाला आधीच सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत ती एकदाही छताखाली झोपली नव्हती.

सरांनी परात मागितली, तीत पाणी घातलं, मधोमध बोट बुडवलं. लाटा काठापर्यंत गेल्या. "हे पाहा आत्या. बोट जिथं बुडालं ते केंद्र. पण हादरा सगळ्या परातीला बसतो. आणि लाटा पाहून बोट नेमकं कुठं बुडालं होतं ते सांगायचं, म्हणजे थोडं इकडंतिकडं होणारच. कौठखेडा हा अंदाज आहे." बराच वेळ बोलले. इतकं चांगलं मी त्यांना आधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मग विचारलं, "सांगा, काय ऐकलं?"

आत्या म्हणाली, "हे ऐकलं की खाली काहीतरी हाय, अन् ते कुठं हाय ते तुमाला बी नीट ठावं न्हाई."

दत्तरावानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. सर मात्र म्हणाले, "बरोबर ऐकलं."

मग ते खाली ओसरीच्या फरशीवर तिच्यासमोर बसले. "आता मी ऐकतो. केंद्र म्हणजे तुमच्या मनात काय येतं ते सांगा."

आत्यानं परातीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं केंद्र परातीत हाय मास्तर. आमचं माळवदाखाली हाय. हातभर माती होती वर. बापानं दर साली नवी टाकली, गळू नये म्हणून. आईला काढलं तवा तिच्या हातात चुलीवरली फुकणी होती." तिनं पदर सावरला. "पोरगी वाईट न्हाई. माणसं बी चांगली हायेत. पर पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. ती पोरगी जाईल, माझ्या पोराचं लेकरू पोटात घेऊन जाईल, अन् तिथं माळवदाखाली निजंल. मी इथं बाजेवर कशी बसू?"

इतके दिवस आम्ही सगळे समजत होतो की ही बाई अडाणी भीतीपोटी लग्न मोडून राहिली आहे. तिला गावाच्या नावाशी काही देणंघेणंच नव्हतं. तिला एका खोलीची काळजी होती.

सरांनी परातीतलं पाणी ओसरीखालच्या तुळशीला ओतलं. दत्तरावाला विचारलं, "घरावर माळवद आहे?"

"हाय. आज्यापासनं."

"आत्या," सर म्हणाले, "केंद्र मला हलवता येत नाही. कुणालाच येत नाही. पण खोली बांधता येते. मी स्वतः उभा राहून बांधून घेतो. तुम्ही येऊन पाहा. पसंत पडली तर लग्न, नाही पडली तर आम्ही सुपारी परत घेऊन जातो."

आत्यानं दत्तरावाकडे पाहिलं. "चालंल?"

"चालंल," दत्तराव म्हणाला.

पुढचे कित्येक रविवार सर नांदेडहून कौठखेड्याला जात राहिले. मीही जायचो, माझ्यानं राहवत नव्हतं म्हणून. जुन्या घराच्या बाजूला मोकळ्या जागेत खोली उभी राहिली. विटांची भिंत, चारी कोपऱ्यांत सळया, दारा-खिडकीच्या वरून चारी बाजूंनी फिरणारा सलग सिमेंटचा पट्टा, आणि वर पत्रे. दत्तरावाची बायको गयाबाई पत्रे बघून चिडली. "उन्हाळ्यात बाळंतीण भाजून निघंल की मास्तर. मायादया काही हाय का न्हाई तुमाला?"

"तुरीच्या वाळक्या तुराट्या टाका पत्र्यावर, जाड थर," सर म्हणाले. "वाटलं तर वरून पांढरा चुना मारा. फक्त माती नको. सांगा, काय ऐकलं?"

"माती नको," गयाबाई म्हणाली. "अन् मास्तरला बाळंतपणातलं कळत न्हाई."

पट्ट्यावर गवंडी कुरकुरत होता, एवढ्याशा खोलीला एवढं लोखंड कशाला. सरांनी एका फडक्यावर कणसं ठेवली आणि म्हणाले, चारी टोकं दोरीनं न बांधता एका हातानं उचला. त्यातली कणसं खाली सांडली. मग दोरी बांधून उचलायला लावलं आणि म्हणाले, पट्टा म्हणजे ही दोरी. गवंडी पुन्हा कुरकुरला नाही. येळवाडीचा सरपंच एक दिवस सहज आल्यासारखा आला, खोलीभोवती फिरला आणि म्हणाला, "सर, केंद्र राहू द्या त्यांच्याकडं. हा पट्टा कसा टाकायचा ते तेवढं आमाला सांगा." सर त्या दुपारी येळवाडीलाही जाऊन आले.

आत्या आली ती भाच्याच्या जीपमधून. उतरली ती थेट खोलीकडे गेली. खोलीच्या दाराशी थांबली आणि पेरांनी भिंत वाजवली, दोनदा. मग कान लावला. हे तिनं सरांना किल्लारीत करताना पाहिलं असावं. सर तिच्यामागे उभे होते, आणि परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. आत जाऊन तिनं वर पाहिलं, पत्र्याला हात पोचत नव्हता म्हणून काठीनं टोचून पाहिलं. बाहेर आली आणि गयाबाईला म्हणाली, "विहीणबाई, हळद लागली का पोरीला?"

लग्नात सर जेवले आणि पंगतीतल्या प्रत्येकानं त्यांना ऐकवलं, "हेच ते, ज्यांनी आपलं नाव पेपरात दिलं." सर मान डोलवत होते. मी शेजारीच बसलो होतो. त्या दिवशी मला तोंड उघडता आलं असतं. घास घेत राहिलो.

दोन वर्षांनी अश्विनी बाळंतपणाला आली. त्या मुक्कामात एकदा हलका धक्काही बसला. अश्विनी सांगते, पत्र्यावरच्या तुराट्या खसखसल्या, बाळ झोपेतच होतं. दुसऱ्या दिवशी आत्या किल्लारीहून निघून आली. गयाबाईनं अंगणात तिची बाज टाकली. रात्री उठून पाहते तर बाज रिकामी. आत्या आत, बाळंतिणीच्या खाटेशेजारी, जमिनीवर सतरंजी टाकून गाढ झोपली होती. गयाबाईनं हे मला सांगितलं, मी सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा सांगा वार्ताहर. काय पाहिलं म्हणाल्या त्या?"

पुढे सरांची बायको वारली आणि सर लातूरला मुलीकडे राहायला गेले. मी तिकडे शेवटचा गेलो तो हे सगळं बोलायला. म्हणालो, "सर, आता मी लिहिणार आहे. नाव मी दिलं होतं, हे लिहिणार आहे."

ते आरामखुर्चीत होते, खूप बारीक झालेले. म्हणाले, "लिहा. पण आधी खोलीचं लिहा. पट्ट्याचं, पत्र्याचं, मातीचं. नावाचं शेवटी, जागा उरली तर."

"बरं," मी म्हणालो.

"सांगा, काय ऐकलं?"

"आधी खोली. नाव शेवटी."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मी त्यांचं ऐकलं नाही, हे वाचणाऱ्याला दिसतंच आहे. नाव मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. खोली बांधली ती त्यांनी. माझ्याकडे लिहायला माझं असं एवढंच होतं.

मी नको म्हणत असताना ते मला सोडायला काठी टेकत फाटकापर्यंत आले. रिक्षा सुरू झाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. कुंपणाची भिंत नव्यानं बांधली होती. सर तिच्याजवळ जाऊन पेरांनी ती वाजवत होते. वॉचमन खुर्चीवरून उठला आणि काहीतरी विचारू लागला. सर त्याला हात हलवून सांगू लागले, बराच वेळ. मग ते थांबले. आता वॉचमन बोलत होता, आणि सर मान तिरकी करून, काठीवर दोन्ही हात ठेवून, ऐकत उभे होते.